घट्ट खडकात पाणी सोडताना: बडोद्याच्या कोअर टेबलापासून विहिरीपर्यंत

तेलाच्या साठ्यात पाणी सोडायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अंकलेश्वरसारख्या वाळूखडकाचं चित्र येतं. एका विहिरीतून पाणी आत, शेजारच्या चार विहिरींतून तेल बाहेर, आणि मधे पाण्याची आघाडी तेलाला पुढे लोटत चाललेली. शंभर-दोनशे मिलिडार्सी पर्मिएबिलिटीच्या (खडक द्रवाला किती सहज वाट देतो त्याचं हे माप) खडकात हे चित्र बऱ्यापैकी खरं असतं. खडक ‘घट्ट’ असला, म्हणजे ०.१ मिलिडार्सीच्या खाली गेला, की पाणी फक्त भेगांमधून धावतं आणि भेगांच्या काठाने खडकात मुरतं. मुरताना ते जेवढी जागा घेतं, तेवढं तेल उलट दिशेने भेगेत येतं. या खडकात तेल मिळतं ते अशा मुरण्यातून. कोअरमधून, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्यातून, चाचणीचा छोटा दंडगोल (प्लग) कापण्यापासून विहिरीवरचा पंप चालू करेपर्यंत प्रत्येक पायरी त्यामुळे वेगळी करावी लागते. बडोद्यात या कामात आम्ही जी पद्धत वापरतो ती इथे मांडतो आहोत.

खंबातच्या खोऱ्यात असा खडक शोधायला लांब जावं लागत नाही. १९५८ साली लुणेजला आणि १९६० साली अंकलेश्वरला तेल लागलं ते वाळूखडकात, पण त्याच खोऱ्यात कॅम्बे शेल या चिकणखडकातले सिल्टचे (बारीक गाळाचे) पातळ थर आहेत, ट्रॅपच्या, म्हणजे बेसॉल्ट कातळाच्या, झिजेतून बनलेला ओलपाड थर आहे, आणि बडोद्याजवळच्या पादऱ्याला तर खुद्द दख्खनच्या ट्रॅपमध्ये तेल आहे. सह्याद्रीचा कातळ तोच इथला तळाचा खडक. अखंड बेसॉल्टमधून काहीच वाहत नाही; तेल राहतं ते भेगांत आणि कुजलेल्या, पोकळ्या पडलेल्या भागात. त्यामुळे पादऱ्याचा कोअर आणि सिल्टचा कोअर दोन्ही ‘घट्ट’ म्हणून एकाच रांगेत ठेवू नयेत. पहिल्यात भेगा हाच साठा आहे, दुसऱ्यात भेगा हा नुसता रस्ता आहे. पुढचं सगळं दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

प्लग सहसा ३८ मिमी व्यासाचा आणि ६ सेंमीच्या आसपास लांबीचा कापतात. कापताना ड्रिल बिट थंड ठेवायला नळाचं पाणी कधीच वापरू नये. ट्रॅपच्या झिजेतून आलेल्या थरांत मॉन्टमोरिलोनाइट असतं, म्हणजे काळ्या मातीला पावसात फुगवणारं आणि उन्हाळ्यात भेगाळणारं तेच खनिज. गोडं पाणी लागलं की प्लग हातात येण्याआधीच पापुद्रे सुटतात. ३ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं पाणी किंवा पातळ खनिज तेल वापरावं. कापल्यावर प्लगला केसासारखी भेग पडलेली असू शकते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ओळखायची खूण अशी: बाहेरचा दाब ८०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) ठेवून पर्मिएबिलिटी मोजावी, मग ३,००० पीएसआयवर. थोडी घट सगळ्यांतच होते; आकडा एकदम दहाव्या भागावर कोसळला तर पहिल्यांदा मोजली ती खडकाची नव्हती, भेगेची होती. असा प्लग मुरण्याच्या चाचणीतून बाजूला काढावा, नाहीतर निकाल फारच गोड येतात.

धुण्यासाठी सॉक्सलेटमध्ये (सॉल्व्हंट पुन्हापुन्हा फिरवून धुणारं काचेचं उपकरण) आधी टोल्युइन, मग मिथेनॉल. टोल्युइन तेल काढतं, मिथेनॉल मीठ काढतं. टोल्युइन रंगहीन झालं म्हणून काम संपत नाही. घट्ट खडकात आतलं तेल झिरपून बाहेर यायला वेळ लागतो, म्हणून मधे काही तास भिजत ठेवून पुन्हा रंग पाहावा. मीठ गेलं की नाही ते मिथेनॉलमध्ये सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून कळतं, पांढरा साका आला तर धुणं चालू ठेवायचं. सुकवायला साधा ओव्हन १०५ अंशांवर लावला की क्लेला (चिकणमातीच्या खनिजांना) धरून बसलेलं पाणीही उडतं, सच्छिद्रता जास्त दिसते आणि त्यातल्याच इलाइटचे बारीक तंतू कोलमडतात. म्हणून ६० अंश आणि ४० ते ४५ टक्के आर्द्रता राखणारा ओव्हन. जुलै-ऑगस्टमध्ये बडोद्याच्या हवेत इतका दमटपणा असतो की ओव्हनमधून काढलेला प्लग वजनकाट्यापर्यंत नेताना उघडा ठेवला तरी वजन सरकतं. डेसिकेटर (आतली हवा कोरडी ठेवणारं झाकणबंद भांडं) हाताशी हवा.

पर्मिएबिलिटी नायट्रोजनने मोजली तर क्लिंकेनबर्गची दुरुस्ती (वायू बारीक छिद्रांतून द्रवापेक्षा सहज सरकतो, त्याची वजावट) करावीच लागते, आणि ०.०१ मिलिडार्सीच्या खाली स्थिर प्रवाहाची वाट पाहण्यापेक्षा पल्स डिके पद्धत (दाबाचा झटका देऊन तो किती वेगाने उतरतो ते पाहणं) बरी. सच्छिद्रता हीलियमने.

आता ब्राइन, म्हणजे खारं पाणी, भरायचं. नुसत्या व्हॅक्यूमने घट्ट प्लग भरत नाही. व्हॅक्यूमनंतर ब्राइन सोडून २,००० पीएसआय दाबाखाली निदान एक दिवस ठेवावा आणि वजनावरून ताळा करावा: वाढलेलं वजन भागिले ब्राइनची घनता, हे हीलियमने मोजलेल्या पोकळीशी जुळलं पाहिजे. दोन टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे आत हवा आहे, आणि हवा असलेल्या प्लगवर पुढे केलेलं सगळं वाया जातं.

इथे एक हिशेब मनात पक्का बसवावा लागतो. ३८ मिमी गुणिले ६ सेंमीच्या प्लगचं एकूण आकारमान ६८ घन सेंमी. सच्छिद्रता ८ टक्के असेल तर पोकळी ५.४ घन सेंमी, त्यात तेल ६० टक्के धरलं तर ३.२ घन सेंमी. सगळा खेळ एवढ्यावर. इंचाच्या आठव्या भागाची नळी जोडणीला वापरली तर एका मीटरमध्ये, भिंतीच्या जाडीप्रमाणे, अडीच ते साडेतीन घन सेंमी द्रव राहतो. म्हणजे प्लगमधल्या तेलाइतका द्रव नुसत्या नळीत. सोळाव्या भागाची नळी घेतली तर हाच आकडा मीटरला अर्धा घन सेंमी. वाळूखडकासाठी बांधलेली जोडणी घट्ट खडकाला तशीच वापरू नये, याचं हे कारण. नळ्या आखूड ठेवाव्यात, व्हॉल्व्ह कमी ठेवावेत आणि नळ्या-व्हॉल्व्हमधला उरलेला मृत आकार प्लगच्या जागी स्टीलचा भरीव दांडा घालून प्रत्यक्ष मोजावा.

गळतीचंही तेच. ०.०५ मिलिडार्सीच्या प्लगमधून १०० पीएसआयच्या फरकाने पाणी तासाला जेमतेम २.३ घन सेंमी जातं, तेही तेल नसताना. उरलेलं तेल आत असताना हा आकडा चौथ्या-पाचव्या भागावर येतो. फिटिंगमधून तासाला दोन-तीन थेंब सुटले तरी तुमच्या प्रवाहाचा मोठा हिस्सा गेला. म्हणून प्लग बसवण्याआधी भरीव दांड्यावर रात्रभर दाब धरून पाहणे ही चैन नाही. ओ-रिंग टोल्युइन आणि गरम क्रूडला टिकणारी हवी. साधी नायट्राइल फुगते. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कोअर होल्डरचे सुटे भाग कापून देणारे कारागीर चांगले आहेत, पण रबराचा प्रकार आपणच लिहून द्यावा.

तेल भरताना खडक सहज घेत नाही, कारण केशिका दाब, म्हणजे बारीक छिद्रातलं पाणी तेलाला जो अडवतं तो. पाणी आणि तेल यांमधला पृष्ठताण २५ मिलिन्यूटन प्रति मीटर धरला तर अर्ध्या मायक्रॉन त्रिज्येच्या रंध्रमुखाशी (दोन छिद्रांमधल्या अरुंद तोंडाशी) हा दाब सुमारे १४.५ पीएसआय भरतो, आणि ०.०५ मायक्रॉनच्या रंध्रमुखाशी १४५. तेल आत घालताना हाच दाब आडवा येतो. पाणी मुरताना तोच मदत करतो. त्यामुळे तेल भरायला काहीशे पीएसआय लावून, दोन्ही टोकांनी आळीपाळीने, संयमाने काम करावं लागतं. क्रूड आधी गाळून घ्यावं आणि त्यात मेण ज्या तापमानाला धरतं त्याच्या वर सगळी जोडणी ठेवावी. एक फूट नळी हीटिंग टेपबाहेर राहिली की मेण तिथेच धरतं, दाब चढतो, आणि माणसं प्लग बंद झाला असं लिहून मोकळी होतात.

मग तेल भरलेला प्लग साठ्याच्या तापमानाला तीन ते सहा आठवडे तसाच ठेवणं. हे टाळून थेट चाचणी केली तर धुतलेला खडक पाण्याला फार आवडीचा राहतो आणि मुरण्याचे आकडे फुगतात. जमिनीखाली लाखो वर्षं तेलाला टेकून राहिलेला खडक इतका पाणीप्रिय क्वचितच असतो.

मुरण्याची चाचणी स्वतः दिसायला अगदी साधी: वर मापं कोरलेल्या बारीक मानेचं काचेचं भांडं, आत प्लग, भोवती ब्राइन, तेल सुटून मानेत जमतं ते वाचायचं. बिघडते ती तीन ठिकाणी. पहिलं तापमान. २५ अंशांचा प्लग ८० अंशांच्या ब्राइनमध्ये बुडवला तर नुसत्या प्रसरणाने तेलाच्या चार टक्क्यांहून जास्त बाहेर येतं, आणि तो मुरण्याचा निकाल म्हणून लिहिला जातो. प्लग आणि ब्राइन दोन्ही आधी एकाच तापमानाला आणावेत. दुसरं, प्लगच्या अंगाला चिकटून राहिलेले थेंब. वाचनाआधी भांडं हलकेच फिरवून दोन-तीन टिचक्या माराव्यात, आणि प्रत्येक वेळी सारख्याच. तिसरं, बाष्पीभवन आणि विरघळलेला वायू: ब्राइन आधी उकळून वायू काढला नाही तर प्लगवर बुडबुडे धरतात आणि तेवढा पृष्ठभाग बंद होतो. एनएमआर (द्रवातल्या हायड्रोजनचा चुंबकीय सिग्नल मोजणारं यंत्र) हाताशी असेल तर ब्राइन जड पाण्यात बनवावं. जड पाण्याचा सिग्नल येत नाही, त्यामुळे उरलेला सिग्नल तेलाचा, आणि तेल मोठ्या रंध्रांतून निघालं की छोट्या, हेही दिसतं. घट्ट खडकात सुरुवातीला लहान रंध्रंच जास्त काम करताना दिसतात, कारण ओढ तिथे जास्त.

निकाल हाती आल्यावर खरा प्रश्न येतो तो मापाचा. मुरायला लागणारा वेळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मॅटॅक्स आणि काइट यांनी १९६२ साली मांडलेल्या प्रमाणनियमाचा गाभा हाच. ६ सेंमीच्या प्लगला १० दिवस लागले असं धरा. त्याच खडकाच्या ६० सेंमीच्या ठोकळ्याला १,००० दिवस. ६ मीटरच्या ठोकळ्याला १ लाख दिवस, म्हणजे पावणेतीनशे वर्षं. अहवालात ‘मुरण्याने ३० टक्के तेल मिळतं’ असं वाक्य आलं की आधी विचारावं, भेगांमधलं अंतर किती? ते माहीत नसेल तर त्या ३० टक्क्यांना विहिरीवर काही अर्थ नाही. भेगा दाट असतील किंवा फ्रॅकिंगने (दाबाने खडक फोडून) दाट करता येत असतील तरच पाणी सोडण्याचा विचार करावा, असं आमचं मत आहे. नुसती पर्मिएबिलिटी पाहून होय-नाही ठरवणाऱ्यांशी आमचं जमत नाही.

सर्फॅक्टंटचा, म्हणजे पृष्ठताण पाडणाऱ्या साबणासारख्या रसायनाचा, मोह इथेच होतो. ज्या खडकाला पाणी मुळातच प्रिय आहे तिथे पृष्ठताण ०.०१ मिलिन्यूटनपर्यंत पाडणारं रसायन घातलं तर केशिका दाबच मरतो आणि मुरणं थांबतं. वाळूखडकात लोटण्यासाठी जे उत्तम, ते इथे मारक ठरू शकतं. खडक तेलप्रिय असेल तर त्याची आवड बदलणारं पण पृष्ठताण एक ते दहा मिलिन्यूटनच्या दरम्यान ठेवणारं रसायन शोधावं. त्यातही शोषणाचा हिशेब आधी करावा. ८ टक्के सच्छिद्रतेच्या एक घनमीटर खडकात सुमारे २,४४० किलो दगड असतो. ग्रॅमला एक मिलिग्रॅम शोषण धरलं तर तो दगड २.४ किलो सर्फॅक्टंट गिळतो. त्याच्या पोकळीत मावतात ८० लिटर, ०.२ टक्क्याच्या द्रावणात तेवढ्यात सर्फॅक्टंट असतं १६० ग्रॅम. द्रावण पंधरा वेळा बदललं तर दगडाची भूक भागेल. भेगेपासून काही सेंटिमीटर आत सर्फॅक्टंट पोहोचतच नाही, पुढे जातं ते साधं पाणी. शोषण ०.१ मिलिग्रॅमवर आणता आलं तर गोष्ट वेगळी.

विहिरीवर आलं की पहिली काळजी पाण्याची. कालव्याचं किंवा नदीचं गोडं पाणी स्वस्त आणि जवळ असतं, पण क्लेमुळे २ ते ३ टक्के पोटॅशियम क्लोराइड घालावंच लागतं, आणि आधी खारं आत गेलेलं असेल तर क्षारता एका उडीत न उतरवता पायऱ्यांनी उतरवावी. दुसऱ्या थराचं पाणी वापरायचं तर सुसंगतीची चाचणी: दोन्ही पाणी १०:९०, ५०:५०, ९०:१० अशी मिसळून साठ्याच्या तापमानाला एक दिवस ठेवावीत आणि ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळून साका तोलावा. एका पाण्यात बेरियम आणि दुसऱ्यात सल्फेट असेल तर बेरियम सल्फेट बसतं आणि ते ॲसिडलाही दाद देत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला २,७०० मिलिग्रॅमच्या आसपास सल्फेट असतं, एवढं लक्षात ठेवावं.

कणांचा नियम असा वापरतात: रंध्रमुखाच्या एक-तृतीयांशाहून मोठा कण तोंडाशीच पूल बांधतो, एक-तृतीयांश ते एक-सप्तमांशाचा आत जाऊन अडकतो, त्याहून लहान पार जातो. घट्ट खडकाचं रंध्रमुख अर्ध्या मायक्रॉनचं. पार जाणारा कण ०.०७ मायक्रॉनचा हवा, आणि इतकं गाळणं विहिरीवर शक्य नाही. म्हणून २ मायक्रॉनचा कार्ट्रिज लावतात आणि भेगांचा पृष्ठभाग मोठा असण्यावर भिस्त ठेवतात. भेगेच्या अंगावर जमलेल्या गाळाचा पापुद्रा मात्र मुरणं अडवतो, त्यामुळे ‘पाणी आत जातंय ना, मग ठीक’ हे वाळूखडकातलं समाधान इथे चालत नाही.

ऑक्सिजन काढायला अमोनियम बायसल्फाइट. एक पीपीएम ऑक्सिजनला शुद्ध रसायन ६.२ पीपीएम लागतं. ३० अंशांच्या उघड्या पाण्यात ऑक्सिजन साडेसात पीपीएम असतो, म्हणजे किमान ४६ पीपीएम, आणि ड्रममधलं द्रावण शुद्ध नसतं म्हणून त्यावर आणखी. जंतुनाशक म्हणून ग्लुटारल्डिहाइड देत असाल तर बायसल्फाइटच्या सोबत एकाच जागी सोडू नये. दोघं एकमेकांना संपवतात. ऑक्सिजनही उरतो, जंतूही उरतात, आणि काही महिन्यांनी परतीच्या वायूत सडक्या अंड्याचा वास येऊ लागतो. डोस देण्याच्या जागा पुरेशा लांब ठेवाव्यात, किंवा जंतुनाशकाच्या वेळी बायसल्फाइट बंद ठेवावं.

बहुतेक वेळा जुनीच उत्पादक विहीर पाण्यासाठी फिरवतात. त्याआधी सिमेंटचा लॉग (विहिरीत उपकरण सोडून घेतलेली नोंद) आणि केसिंगची (विहिरीच्या पोलादी अस्तराची) दाब-चाचणी, पॅकर (नळी आणि केसिंगमधली फट बंद करणारा अडसर) बसवणं, आणि विहिरीभोवतीचं मेण सॉल्व्हंटने धुणं. मेण न काढता ३० अंशांचं पाणी सोडलं तर ते आणखी धरतं.

मग स्टेप रेट चाचणी. दर पायरीपायरीने वाढवायचा, प्रत्येक पायरी सारख्या वेळाची, घट्ट खडकाला तासभर. दर विरुद्ध तळाचा दाब मांडला की रेघ एका जागी वाकते, तिथे खडक फाटतो. उदाहरणार्थ १,८०० मीटर खोली. पाण्याच्या स्तंभाचा दाब १८० किलो प्रति चौरस सेंमी. फाटण्याचा उतार मीटरला ०.१६ धरला तर फाटण्याचा दाब २८८. वरून देता येणारा दाब १०८, सुरक्षेचा वाटा काढून ९५ ते १०० (घर्षण वेगळं). दाब तळाशीच मोजावा. वरच्या गेजवर विसंबलं तर मोठ्या दराला घर्षण मिसळतं आणि वाकण दिसतच नाही.

फाटण्याच्या दाबाच्या खाली राहायचं की वर, यावर मतभेद आहेत. वर गेलं की पाणी भरपूर जातं, आणि ते भेगेच्या दिशेने सरळ शेजारच्या विहिरीत निघतं. टेक्ससच्या स्प्रेबेरीत १९५० च्या दशकापासून हे पाहिलं गेलं: खडक एक मिलिडार्सीच्या आतला, भेगा ईशान्य-नैऋत्य, आणि पाणी त्या रेषेवर धावलं. तोडगा असा की पाण्याच्या विहिरी भेगांच्या रेषेवर एका रांगेत ठेवाव्यात आणि तेलाच्या विहिरी त्या रांगेला समांतर, बाजूला. पाच विहिरींचा चौकोन आधी आखून मग भेगांची दिशा शोधणं म्हणजे उलटा क्रम. दिशा इमेज लॉगवरून (विहिरीच्या भिंतीच्या चित्रावरून) आधी काढावी आणि ट्रेसर (पाण्यात मिसळलेलं ओळखखुणेचं द्रव्य) सोडून पडताळावी. ट्रेसर काही तासांत पलीकडे दिसला तर क्रोमियमने जोडलेला पॉलिमर जेल भेगेत भरतात. मात्र जेल भरला की मुरण्याचा पृष्ठभागही झाकला जातो, त्यामुळे तो विहिरीजवळ, मोजकाच.

रोजच्या देखरेखीला हॉलचा आलेख पुरे: दाब गुणिले दिवस यांची बेरीज उभ्या अक्षावर, एकूण पाणी आडव्यावर. रेघ वर वळली तर तोंड बंद होतंय, खाली वळली तर कुठेतरी भेग उघडली.

शेजारी तेलाची विहीर नसेल किंवा पाणी पळून जात असेल तर एकाच विहिरीत पाणी भरणं, बंद ठेवणं आणि परत काढणं हा मार्ग. चीनच्या ऑर्डोस खोऱ्यात तो बराच वापरला गेला आहे. बंद ठेवल्यावर दाब पहिले काही दिवस झपाट्याने उतरतो, तो भेगांमधला पसारा; नंतरचा संथ उतार मुरण्याचा. तो सपाट होईपर्यंत विहीर उघडू नये, मग वरून कितीही विचारणा होवो. उघडताना ३-४ मिमीचा चोक (प्रवाह आवरणारं बारीक छिद्र), नाहीतर भेगा उघड्या ठेवणारी प्रॉपंट वाळू बाहेर येते. परतीच्या पाण्यातलं क्लोराइड रोज मोजावं: सोडलेल्या पाण्याच्या क्षारतेवरच ते अडून राहिलं तर पाणी भेगेत जाऊन तसंच परत आलं, हळूहळू साठ्याच्या पाण्याकडे सरकलं तर खडकाशी देवाणघेवाण झाली आहे. प्रत्येक फेरीत मिळकत घटते, कारण भेगेलगतचा खडक आधीच भरलेला असतो.

वाढीव तेलाचा आकडा लिहिताना एक गोष्ट हमखास सुटते. कुठलीही विहीर महिनाभर बंद ठेवून उघडली की पाणी न सोडताही पहिले काही दिवस जास्त देते. म्हणून त्याच थरातली, साधारण त्याच वयाची एक विहीर तेवढेच दिवस कोरडी बंद ठेवून उघडावी, आणि तिचं एकूण तेल वजा केल्यावर जे उरेल तेवढंच पाण्याच्या नावावर मांडावं.